संगणक, डॅक आणि मधली तार: घरगुती डिजिटल ध्वनिजोडणीचा इतिहास

संगणकावर साठवलेले गाणे म्हणजे आकड्यांची एक लांबलचक रांग असते. हे आकडे विद्युतदाबाच्या चढउतारात बदलून ॲम्प्लिफायरकडे किंवा हेडफोनकडे पाठवण्याचे काम जो भाग करतो, त्याला डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, थोडक्यात 'डॅक' म्हणतात. हा डॅक संगणकाबाहेर वेगळ्या पेटीत ठेवला की दोहोंच्या मध्ये एक जोडणी लागते. घरात ती प्रामुख्याने चार प्रकारची आढळते: ऑप्टिकल, कोॲक्शियल, यूएसबी आणि एचडीएमआय. चारही वाटांनी आकडे बहुधा जसेच्या तसे पोहोचतात. खरा फरक वेगळ्याच ठिकाणी पडतो. प्रत्येक आकडा नेमक्या कोणत्या क्षणी आवाजात उतरायचा, हे पाठवणारा ठरवतो की घेणारा? या जोडण्यांचा चाळीस वर्षांचा इतिहास बव्हंशी याच प्रश्नाच्या उत्तरांचा आहे.

सुरुवात कॉम्पॅक्ट डिस्कपासून होते. जपानची सोनी आणि नेदरलँड्सची फिलिप्स या कंपन्यांनी १९८० मध्ये सीडीचे तांत्रिक नियम ठरवले. डाव्या आणि उजव्या बाजूसाठी सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा ठेवायचा, हे त्यातले मुख्य. ४४,१०० हा आकडा व्हिडिओ टेपमुळे पडला. त्या काळी डिजिटल ध्वनी सामावण्याइतकी क्षमता व्हिडिओ रेकॉर्डरमध्ये होती, म्हणून ध्वनीच्या आकड्यांना काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चित्राचे रूप देऊन ते टेपवर उतरवले जात. चित्राच्या एका रेषेत तीन नमुने बसत. जपान आणि अमेरिकेच्या पद्धतीत सेकंदाला ६० अर्धचित्रे आणि प्रत्येकात कामाच्या २४५ रेषा. युरोपच्या पद्धतीत ५० अर्धचित्रे आणि २९४ रेषा. दोन्हीकडचा गुणाकार ४४,१०० येतो. दूरचित्रवाणीच्या दोन जगांना एकाच वेळी मानवणारी ही गती सीडीला मिळाली आणि पुढे संगणकाला तिने पुष्कळ त्रासही दिला.

सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये १,६८,००० येन किमतीला विक्रीस आला. आकडे त्याच्या पोटातच आवाजात बदलत आणि मागच्या पिनांतून ॲनालॉग संकेत बाहेर पडे. सोनीने १६ बिटांचा डॅक वापरला होता. फिलिप्सने आपल्या सीडी-१०० मध्ये १४ बिटांचा डॅक घेऊन नमुन्यांची गती चौपट केली आणि बिटांची उणीव त्या मार्गाने भरून काढली. एकाच तबकडीतल्या आकड्यांपासून आवाज घडवण्याच्या दोन रीती अशा पहिल्या दिवसापासून अस्तित्वात होत्या. तबकडी वाचणारी पेटी आणि आवाज घडवणारी पेटी वेगवेगळ्या ठेवाव्यात, हा विचार त्यानंतर ओघानेच आला. त्यासाठी दोन पेट्यांमधली बोली ठरवणे भाग होते.

स्टुडिओंसाठी ती बोली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९८५ मध्ये एईएस-३ या मानकात बांधली. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनचाही त्यात वाटा असल्याने स्टुडिओत तिला एईएस-ईबीयू म्हणतात. तिचीच घरगुती आवृत्ती सोनी-फिलिप्सच्या आद्याक्षरांवरून 'एसपीडीआयएफ' या नावाने रूढ झाली. दोन्ही रूपे १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ९५८ क्रमांकाच्या मानकात एकत्र आली. तोच क्रमांक पुढे ६०९५८ झाला.

या बोलीची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. डाव्या आणि उजव्या बाजूचा एकेक नमुना मिळून ६४ बिटांची एक चौकट होते. प्रत्येक अर्ध्या चौकटीच्या आरंभी बाजू ओळखण्याची खूण, मग नमुन्यासाठी २४ बिटांपर्यंतची जागा आणि शेवटी चार मदतनीस बिटे. सीडीच्या गतीला हा प्रवाह सेकंदाला २८,२२,४०० बिटांचा होतो. मदतनीस बिटांपैकी एक बिट १९२ चौकटींपर्यंत गोळा करत गेले की त्यातून प्रवाहाची ओळख तयार होते: व्यावसायिक की घरगुती, नमुन्यांची गती किती, नक्कल करायला मुभा आहे की नाही.

बिटे पाठवण्याची तऱ्हा त्याहून महत्त्वाची. प्रत्येक बिटाच्या सीमेवर संकेत उलटतोच. बिट 'एक' असेल तर मध्यावर आणखी एकदा उलटतो. त्यामुळे तारेची टोके उलटसुलट जोडली गेली तरी अर्थ बदलत नाही. शिवाय संकेत कधीच फार वेळ एका जागी थांबत नसल्याने घड्याळाची वेगळी तार लागत नाही. त्या उलटापालटीतूनच डॅक गती ओळखतो आणि तबलजीच्या ठेक्याशी गवई जुळवून घेतो तशी आपली चाल पाठवणाऱ्याशी जुळवतो. आकडे आणि घड्याळ एकाच तारेतून नेणारी ही युक्ती स्वस्त होती, कोणत्याही कंपनीच्या दोन पेट्यांना जोडणारी होती आणि म्हणूनच इतकी टिकली. मात्र तिने घड्याळ पाठवणाऱ्याच्या हाती दिले.

तांब्याच्या तारेतून हा प्रवाह नेणारी जोडणी म्हणजे कोॲक्शियल. तिला ७५ ओहमची तार लागते आणि तिच्यातला संकेत जेमतेम अर्ध्या व्होल्टचा असतो. टोकाला आरसीए पिन असते, टेपरेकॉर्डर आणि टीव्हीच्या मागे असायची तीच. ही पिन कमी कंपनांच्या ध्वनिसंकेतासाठी घडवलेली होती आणि ७५ ओहमचे गणित तिच्या रचनेत बसत नाही. स्टुडिओत वापरली जाणारी बीएनसी पिन त्या दृष्टीने सरस. घरातल्या एकदोन मीटरसाठी या उणिवेचा सहसा अडथळा होत नाही. स्टुडिओतली एईएस जोडणी तीन पिनांच्या एक्सएलआरमधून, ११० ओहमच्या तारेवर आणि बऱ्याच जास्त दाबाने जाते, म्हणून ती लांब पल्ल्याला टिकते.

दुसरी वाट प्रकाशाची. आपला सीडी प्लेअर आपल्याच रिसीव्हरला जोडण्यासाठी तोशिबाने १९८३ मध्ये टॉसलिंक ही ऑप्टिकल जोडणी काढली. तिच्यात लाल एलईडी उघडझाप करतो आणि तो उजेड एक मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक तंतूतून पलीकडे जातो. पुढे इतर कंपन्यांनीही ती उचलली आणि तिच्यातून तोच एसपीडीआयएफ प्रवाह जाऊ लागला. प्लॅस्टिकच्या तंतूत प्रकाश अनेक वाटांनी फुटतो, कडा बोथट होतात. त्यामुळे पल्ला पाच ते दहा मीटरांपुरता राहिला आणि वरच्या गतीला मर्यादा आली. सेकंदाला ९६,००० नमुन्यांपर्यंत ती निर्धास्त चालते. १,९२,००० ला काही संचांत चालते, काहींत अडखळते.

या जोडणीचा खरा गुण मात्र वेगाशी निगडित नाही. तिच्या दोन टोकांमध्ये धातूचा संबंध नसतो. डेस्कटॉप संगणक तीन पिनांच्या प्लगने अर्थिंगला जोडलेला असतो आणि ॲम्प्लिफायरही अनेकदा तसाच. मध्ये तांब्याची तार टाकली की अर्थिंगचे एक वर्तुळ पुरे होते, त्यातून विजेच्या ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो आणि स्पीकरमधून घूं असा एकसुरी आवाज येतो. कधी त्यात माउस हलवल्याची किरकिरही मिसळते. जुन्या वाड्यांत आणि चाळींत, जिथे अर्थिंगची तार कित्येकदा नावापुरतीच असते, तिथे हा त्रास विशेष जाणवतो. ऑप्टिकल तार लावली की हे वर्तुळ तुटते. कोणत्याही महागड्या केबलपेक्षा हा फायदा अधिक खात्रीचा आणि कानाला ताबडतोब कळणारा आहे.

एसपीडीआयएफमधल्या त्या नक्कल-परवानगीच्या बिटाने मात्र तंत्रज्ञानाबाहेरचे मोठे वादळ पाहिले. १९८७ मध्ये डिजिटल ऑडिओ टेप, म्हणजे डॅट, जपानमध्ये बाजारात आली. सीडीची हुबेहूब नक्कल घरबसल्या होईल या भीतीने ध्वनिमुद्रिका कंपन्या खवळल्या. सीबीएस रेकॉर्ड्सने 'कॉपीकोड' नावाचा उपाय पुढे केला: ध्वनिमुद्रणातून ३,८४० हर्ट्झच्या आसपासची एक अरुंद पट्टी काढून टाकायची आणि ती पट्टी गायब आढळली की रेकॉर्डरने मुद्रण थांबवायचे. प्रत्यक्ष संगीतालाच चिमटा काढणारा हा उपाय होता. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९८८ मध्ये तपासणीअंती सांगितले, की त्याने आवाज बिघडतो आणि त्याला चकवा देणेही सोपे आहे. कॉपीकोड तिथेच संपला.

तोवर घरगुती डॅट यंत्रांनी आणखी एक बंधन पाळले होते. ती सीडीच्या ४४,१०० या गतीने डिजिटल मुद्रण करत नसत. त्यांची मुख्य गती सेकंदाला ४८,००० नमुन्यांची होती. १९८९ मध्ये यंत्रनिर्माते आणि मुद्रिका कंपन्या यांच्यात तडजोड झाली. सीरियल कॉपी मॅनेजमेंट सिस्टिम या पद्धतीने मूळ तबकडीची डिजिटल नक्कल करता येई, त्या नकलेची नक्कल मात्र होत नसे. हा सारा कारभार एसपीडीआयएफच्या मदतनीस बिटांवर चाले. १९९२ च्या ऑडिओ होम रेकॉर्डिंग ॲक्टने अमेरिकेत ही पद्धत सक्तीची केली आणि डिजिटल रेकॉर्डर व कोऱ्या टेपांवर मानधनाचा आकारही बसवला. तडजोड होईपर्यंत घरगुती डॅटची उमेदीची वर्षे निघून गेली होती. ती स्टुडिओत रुजली, दिवाणखान्यात फारशी पोहोचली नाही.

या कायद्याने रेकॉर्डरची जी व्याख्या केली, तिच्यात सर्वसाधारण संगणक बसत नव्हता. १९९९ मध्ये डायमंड मल्टिमीडिया कंपनीच्या 'रिओ' या खिशात मावणाऱ्या एमपी-३ प्लेअरवर खटला चालला, तेव्हा अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने संगणक आणि त्याची हार्ड डिस्क कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचे मानले; रिओही सुटला. घरातल्या ध्वनियंत्रांना घातलेली दावण संगणकाच्या गळ्यात कधी पडलीच नाही. संगीताचा घरगुती संग्रह टेपवरून संगणकाकडे सरकला, त्यामागे डिस्कची वाढती क्षमता जशी होती तशी ही मोकळीकही होती.

नव्वदच्या दशकात सुटी डॅक पेटी हौशी श्रोत्यांच्या घरात स्थिरावली आणि तिच्याबरोबर एक नवा शब्द आला: जिटर. घड्याळाचे टोले समान अंतराने न पडता किंचित पुढेमागे पडणे म्हणजे जिटर. नमुन्याचा आकडा अचूक असला, तरी तो चुकीच्या क्षणी आवाजात उतरला तर लहर तेवढी वेडीवाकडी होते. ख्रिस डन आणि माल्कम हॉक्सफोर्ड यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या १९९२ च्या अधिवेशनात सादर केलेल्या निबंधात थेट विचारले, की ही जोडणी मुळातच सदोष आहे का. त्यांचा मुद्दा मार्मिक होता. तारेची क्षमता मर्यादित असेल तर प्रत्येक उलटापालटीची कड आधीच्या बिटांच्या क्रमानुसार थोडी सरकते. मग डॅकने ओळखलेले घड्याळ खुद्द गाण्याच्या आकड्यांवर हिंदकळू लागते. एकाच तारेतून आकडे आणि काळ नेण्याची ही किंमत होती.

पण ही किंमत कानाला कितपत जाणवते? डॉल्बी प्रयोगशाळेतील एरिक बेंजामिन आणि बेंजामिन गॅनन यांनी १९९८ मध्ये ऐकण्याच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. संगीत ऐकताना सुमारे २० नॅनोसेकंदांहून कमी जिटर श्रोत्यांना ओळखता आला नाही. २००५ मध्ये जपानमधल्या एका अभ्यासात यादृच्छिक जिटरची ओळख पटायला कित्येक शे नॅनोसेकंद लागले, आणि तेही कसलेल्या कानांना. बेताच्या किमतीचा, नीट बांधलेला डॅकही याच्या पुष्कळ खाली असतो. जिटर हा अभियांत्रिकीचा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर घेणाऱ्या पेटीतल्या घड्याळाच्या मंडलात होते. बाजाराने मात्र ते केबलमध्ये शोधायला लावले आणि त्यापायी श्रोत्यांचे बरेच पैसे अनाठायी गेले. ७५ ओहमची साधी, चांगल्या पिनांची तार तेव्हाही पुरेशी होती.

संगणकाचा आवाजाशी संबंध या सगळ्यापासून बराच काळ फटकून होता. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड १९८९ मध्ये आले, ते खेळांच्या आवाजासाठी, आठ बिटांचे आणि एकेरी वाहिनीचे. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ ने सीडीची गती आणि १६ बिटे गाठली. तरीही संगणकातली सीडी वाजत असे ती ड्राइव्हच्याच डॅकमधून. तिथून चार पिनांची एक बारीक ॲनालॉग केबल साउंड कार्डापर्यंत जाई, आणि ती जोडायची राहून गेली की सीडी फिरे पण आवाज येत नसे. डेटा केबलमधून आकडे थेट वाचण्याची सोय विंडोजमध्ये शतक बदलताना रुळली. त्याच सुमारास सीडीवरची गाणी हार्ड डिस्कवर उतरवून घेण्याचा प्रघात पडला. कसलीही काटछाट न करता फाइल लहान करणारे फ्लॅक २००१ मध्ये आले. आता आकडे संगणकात होते आणि डॅक बाहेर. मध्ये एसपीडीआयएफची तार टाकली की काम झाले, असे वाटावे अशी परिस्थिती होती.

इथे ४४,१०० आणि ४८,००० या दोन घराण्यांचे वैर आडवे आले. इंटेलने १९९७ मध्ये ठरवलेल्या एसी-९७ या मदरबोर्डवरच्या ध्वनिरचनेचा मूळ ठोका ४८,००० चा होता. १९९८ चे साउंड ब्लास्टर लाइव्ह हे त्या काळी अतिशय खपलेले कार्डही आतून ४८,००० वरच काम करी. सीडीवरचे गाणे त्यातून बाहेर काढायचे तर प्रत्येक १४७ नमुन्यांपासून १६० नवे नमुने गणिताने तयार करावे लागत. हे गणित नीट केले तर निरुपद्रवी असते. त्या काळातल्या स्वस्त मंडलांत ते नेहमीच नीट होत नसे. शिवाय विंडोजमधला मिक्सर सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून मगच कार्डाकडे पाठवी, आणि त्या मिसळीत आकडे बदलत. ऑप्टिकल तारेतून बाहेर पडणारा प्रवाह मग मूळ तबकडीचा राहत नसे.

हौशी मंडळींनी यातून वाटा काढल्या आणि या इतिहासातला हा भाग सर्वांत जिवंत आहे. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये स्टुडिओतल्या मुद्रणासाठी एसिओ नावाची ड्रायव्हर पद्धत काढली होती. तिचा मूळ हेतू विलंब कमी करण्याचा होता, पण ती विंडोजच्या मिक्सरला वळसा घालते हे लक्षात येताच ऐकणाऱ्यांनीही ती उचलली. २००२ मध्ये आलेल्या फूबार२००० या प्लेअरमध्ये तिची जोड बसवता येई. एम-ऑडिओचे ऑडिओफाइल २४९६ हे छोट्या स्टुडिओंसाठी बनवलेले कार्ड घरगुती संगणकांत शिरले ते त्याच्या कोॲक्शियल पिनेसाठी आणि दोन्ही घराण्यांची गती न बदलता देण्याच्या गुणासाठी. आकडे खरोखर जसेच्या तसे पोहोचतात का, हे तपासण्याची एक सुंदर रीतही या मंडळींनी रूढ केली. डीटीएस पद्धतीने सांकेतिक केलेली सीडी संगणकावर वाजवायची आणि प्रवाह होम थिएटरच्या रिसीव्हरकडे पाठवायचा. वाटेत आकडे बदलले तर संकेत उलगडत नाही आणि स्पीकरमधून खरखर येते. गाणे उमटले, तर वाट निर्मळ. जानेवारी २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने एकाच प्रोग्रॅमला कार्ड पूर्णपणे सोपवण्याची अधिकृत सोय दिली, तेव्हा ही धडपड बरीचशी संपली.

दरम्यान दुसरीच एक तार संगणकाच्या मागे येऊन बसली होती. यूएसबीचे पहिले मानक १९९६ चे. ध्वनियंत्रांसाठीचे तिचे नियम १९९८ मध्ये ठरले. वेग सेकंदाला १ कोटी २० लाख बिटांचा. नियम समान असल्याने डॅकसोबत वेगळा ड्रायव्हर देण्याची गरज उरली नाही. पण यूएसबी एसपीडीआयएफसारखी सलग वाहत नाही. संगणक दर मिलिसेकंदाला एक पुडके पाठवतो. सीडीचे नमुने एका मिलिसेकंदात ४४.१ पडतात, आणि दशांश नमुना पाठवता येत नाही; म्हणून नऊ पुडक्यांत ४४ आणि दहाव्यात ४५, असा हिशेब जमवावा लागतो. पुडके वाटेत बिघडले तर ते पुन्हा मागवण्याची सोय या प्रकारात नाही. अशा चुका क्वचित होतात आणि झाल्या तर टिचकी किंवा खंड म्हणून ऐकू येतात. खराब यूएसबी तारेने आवाज मवाळ किंवा उजळ होत नाही.

सुरुवातीच्या यूएसबी डॅकांत घड्याळ येणाऱ्या पुडक्यांच्या गतीवरून घडवले जाई. या प्रकाराला ॲडाप्टिव्ह म्हणतात. बर-ब्राउन कंपनीच्या पीसीएम-२७०२ सारख्या एका चिपमध्ये यूएसबीचे काम आणि डॅक दोन्ही सामावलेले असल्याने असे डॅक स्वस्तात बनत. पण त्यांच्या कालमापनाची मदार संगणकावर असे, आणि आवाजासाठी अचूक वेळ राखणे हे संगणकाचे मुख्य काम कधीच नव्हते.

मानकात त्याला पर्याय पहिल्यापासून लिहिलेला होता: असिंक्रोनस. यात डॅकच्या पेटीतच स्थिर स्फटिक-घड्याळ असते. जवळचा साठा वाढतोय की आटतोय हे पाहून डॅक संगणकाला सांगतो, की पुढच्या पुडक्यात नमुने जरा जास्त घाल किंवा कमी. डॅक मागतो, संगणक पुरवतो. एसपीडीआयएफने पाठवणाऱ्याच्या हाती दिलेले घड्याळ अशा रीतीने आवाज जिथे घडतो तिथे परत आले. कागदावरचा हा पर्याय प्रत्यक्षात आणायला चिपमध्ये स्वतंत्र प्रोग्रॅम लिहावा लागे, म्हणून निर्माते तो टाळत. अमेरिकेतील वेव्हलेंग्थ ऑडिओचे गॉर्डन रँकिन यांनी 'स्ट्रीमलेंग्थ' नावाचा असा प्रोग्रॅम तयार केला आणि तो इतर कंपन्यांनाही वापरायला दिला. त्याच प्रोग्रॅमवर चालणारा ऑडिओक्वेस्टचा ड्रॅगनफ्लाय २०१२ मध्ये आला. आकाराने पेन ड्राइव्हएवढा आणि हेडफोन थेट जोडता येणारा हा डॅक लोकप्रिय झाला, आणि असिंक्रोनस पद्धत हौशी मंडळींच्या चर्चेतून सामान्य टेबलावर उतरली. चांगल्या डॅकमध्ये पुढे दोन स्फटिक बसवण्याची रीत पडली: ४४,१०० च्या घराण्यासाठी २२.५७९२ मेगाहर्ट्झचा आणि ४८,००० च्या घराण्यासाठी २४.५७६ मेगाहर्ट्झचा. दोन्ही घराणी आता आपापल्या घड्याळावर चालू लागली.

जुन्या नियमांची एक भिंत मात्र होती. मिलिसेकंदाच्या पुडक्यात फार तर १,०२३ बाइट मावत. २४ बिटांचे ९६,००० नमुने दोन्ही वाहिन्यांसाठी पाठवायला ५७६ बाइट लागतात. १,९२,००० साठी १,१५२, म्हणजे मर्यादेबाहेर. २००० सालच्या यूएसबी २.० ने वेग चाळीसपट केला आणि २००६ मध्ये ध्वनीसाठीच्या नियमांची दुसरी आवृत्ती आली. मॅक आणि लिनक्स यांनी २०१० च्या आसपास ती आत्मसात केली. विंडोजमध्ये तिला मूळचा आधार मिळायला विंडोज १० ची २०१७ मधली आवृत्ती यावी लागली. मधल्या काळात विंडोज वापरणाऱ्याला प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर शोधत बसावे लागे. चांगली असूनही पेटी कपाटात पडून राहण्याचे कारण पुष्कळदा हा ड्रायव्हरच असे.

यूएसबीचा दुसरा दोष तांब्याचा. तिच्यातून आकड्यांबरोबर पाच व्होल्टची वीज आणि संगणकाचे अर्थिंगही डॅकपर्यंत जाते, आणि त्यासोबत संगणकातला विद्युत गोंगाट. लॅपटॉप बॅटरीवर चालवला की घूं थांबते, चार्जर लावला की परत येते, हा अनुभव त्याचाच. विद्युत अलगाव असलेला डॅक किंवा यूएसबी अलग करणारी छोटी पेटी हा त्यावरचा उपाय. ९६,००० पर्यंतची गती पुरत असेल तर ऑप्टिकल तार हा अधिक स्वस्त उपाय.

इतर जोडण्यांनी घरात दुय्यम भूमिका बजावली. फायरवायर १९९५ पासून मानक होती, पण तिचे ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांशी सख्य अधिक. एचडीएमआयच्या २००२ मधल्या पहिल्याच आवृत्तीत आठ वाहिन्यांचा ध्वनी होता, म्हणून अनेक स्पीकरांच्या संचाला तीच सोयीची. तिच्यात ध्वनीचे घड्याळ चित्राच्या घड्याळावरून काढावे लागते, त्यामुळे दोन स्पीकरांवर नुसते संगीत ऐकणाऱ्यांनी तिला फारसे जवळ केले नाही. फिलिप्सने १९८६ मध्ये चिपांमधल्या संवादासाठी ठरवलेली आय-टू-एस पद्धत घड्याळ वेगळ्या तारेवर नेते. काही कंपन्या ती एचडीएमआयच्या केबलमधून पेटीबाहेर आणतात, पण पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलत असल्याने खरेदीपूर्वी दोन्ही पेट्यांचे माहितीपत्रक ताडून पाहावे लागते. सुपर ऑडिओ सीडीचा एकेरी बिटांचा प्रवाह २४ बिटांच्या साध्या नमुन्यांत दडवून नेण्याची डीओपी ही पद्धत २०१२ च्या सुमारास आली; तिला १,७६,४०० ची गती पेलणारी वाट लागते. ॲपलच्या २००४ मधल्या एअरपोर्ट एक्स्प्रेसने तारच काढून टाकली. गाणे वायफायवरून त्या पेटीत येई आणि तिच्या छोट्या जॅकमधून ऑप्टिकल तारेने डॅककडे जाई.

तो छोटा जॅक, म्हणजे साध्या हेडफोनच्या छिद्रातच बसवलेला ऑप्टिकल दिवा, आधी खिशातल्या मिनीडिस्क यंत्रांत होता आणि नंतर वर्षानुवर्षे मॅकबुकमध्ये राहिला. २०१६ च्या मॅकबुक प्रोमधून तो गेला. त्याच वर्षी आयफोन ७ मधून हेडफोनचे छिद्रच नाहीसे झाले आणि त्याजागी बोटभर लांबीची एक जोडतार मिळू लागली. टॉसलिंकचा चौकोनी खण आता मुख्यतः टीव्हीच्या मागे आणि बऱ्याच डेस्कटॉप मदरबोर्डांवर आढळतो. यूएसबी-सी असलेल्या आयपॅड प्रोसाठी ॲपलने २०१८ मध्ये काढलेल्या जोडतारेच्या टोकात एक पुरा डॅक बसवलेला आहे. संगणकाला जोडली तरी ती वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालते, कारण ती यूएसबीच्या ध्वनियंत्रांसाठी ठरलेले समान नियमच पाळते.